रविवारचे शब्द

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी एकोणीस तारीख दिली. गळ्यातल्या ग्रंथीचा डावा भाग काढायचा. गाठ साधी आहे, पण आवाजाची नस अगदी तिला चिकटून जाते. "आम्ही जपतोच, तरी काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो," असं ते म्हणाले. मी विचारलं, बहुतेक म्हणजे शंभरात किती? त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, वजनकाटे तपासतो. "तरीच," म्हणाले आणि आकडा सांगितलाच नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "ताईंना कळव." मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे बावीस वर्षं ऐकून हिला पाठ झालंय, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

नानांची वाचा जाऊन तीन वर्षं होतील. वडिलांना समजतं सगळं, उजवा हातही चालतो, फक्त तोंडून शब्द फुटत नाही. सुरुवातीला ते टेबलावर बोटाने टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मग मी आणि ताईने मिळून त्यांच्यासाठी टॅबलेटवर एक प्रोग्रॅम केला. नाव साधं, 'फळा'. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. आवाज माझा, कारण फोनवर लोक आम्हा बापलेकांत नेहमी गल्लत करायचे. नाना ताईकडे, मी इथे, आठशे किलोमीटरवर. मी दर रविवारी पाच-सहा नवे शब्द पाठवायचो. फळ्यावर 'नवीन' असं एक बटण आहे, त्यात ते रविवारी सकाळी सातला आपोआप येऊन बसायचे. दोनशे बारा झाले होते. मग गेल्या मार्चमध्ये भांडण झालं आणि आकडा दोनशे बारावरच राहिला.

आज ठरवलं की ऑपरेशनच्या आधी राहिलेले शब्द भरून टाकायचे. कुणाला न सांगता, गुपचूप. फळ्याचा सगळा कोड माझ्या जुन्या लॅपटॉपवर असतो आणि तो ताईकडे कपडे धुण्याच्या मशीनवरच्या मांडणीत चोवीस तास चालू असतो. इथून एसएसएचने, म्हणजे दूरचं मशीन इथून चालवायच्या सोयीने, त्यात शिरायचं, नवं ठेवायचं, बाहेर पडायचं. पासवर्ड नाही, किल्ली लागते. किल्लीचा एक भाग माझ्या कॉम्प्युटरवर, तिचा जोड तिकडच्या यादीत. दोन्ही जुळले की दार उघडतं.

जेवणाआधी प्रयत्न केला. 'परवानगी नाकारली.'

४ फेब्रुवारी

सकाळी ऑफिसला निघायच्या आधी पुन्हा केला. नाकारली. काल बोट चुकलं असेल अशी आशा होती. एका ओळीच्या हुकमात बोट चुकायला जागा कितीशी असते.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी. नीट, क्रमाने तपासलं, काटा तपासतो तसं. आधी आपलीच बाजू दोषी धरायची.

गेल्या ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर बदलला होता. म्हणजे किल्ली इकडे आणताना बिघडली असेल. माळ्यावरून जुना काढला, दोन्हीकडची किल्ली ताडून पाहिली. एकच आहे. मग फाइलची मुभा पाहिली. खासगी किल्ली इतरांना वाचता येत असली तर एसएसएच ती वापरतच नाही, रुसून बसतं. ते ठीक होतं. युजरचं नाव बरोबर. पत्ता बरोबर. पलीकडचं मशीन उत्तर देतं आणि त्याची ओळखखूण माझ्याकडच्या जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळते. म्हणजे ते आपलंच मशीन आहे. मांडणीत आहे, चालू आहे, आणि मला आत घेत नाही.

हे सगळं ताईला मी फोनवर बसवून दिलं होतं. ती ग्रंथपाल. तिला पुस्तकाचा नंबर बघून कपाट सांगता येतं, पण काळ्या पडद्यावर टाइप करायला सांगितलं की हात अडखळायचे. एकेक अक्षर सांगायचो, ती वहीत उतरवायची आणि मग टाइप करायची. तीन रविवार गेले त्यात. शेवटी मी कंटाळून तिला एक हुकूम लिहून दिला: काहीच सुचेना तर हा चालव, सगळ्यांना सगळी मुभा मिळते, कटकट संपते. जाणकार माणूस असा सल्ला देत नाही. पण तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. तिने वहीत त्याला 'रामबाण' नाव दिलं.

भांडणाचंही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मी ते माझ्या सोयीने आठवेन. मी गेलो होतो चार दिवसांसाठी. नाना फळ्यावर बोट फिरवत बटण शोधायचे आणि त्यांना सापडायच्या आत ताई बोलून मोकळी व्हायची: पाणी हवंय ना, उकडतंय ना, उशी सरकवू ना. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "तू त्यांना बोलूच देत नाहीस." ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "मग तू येऊन बस त्यांच्याजवळ. आवाज पाठवून दिलास आणि सुटलास." मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. नाना दारापर्यंत व्हीलचेअर ढकलत आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं. मी घाईत होतो.

८ फेब्रुवारी, रविवार

सात वाजता जाग आली. काही काम नव्हतं, तरी आली. प्रयत्न केला. नाकारली.

भावोजींचा मेसेज आला: 'सर्व ठीक. नाना बरे.' दर रविवारी हाच येतो. ताईचे यजमान बोलायलाही असेच आहेत, शब्द वाचवून ठेवल्यासारखे. मी अंगठा पाठवतो. अकरा महिने मी माझ्या वडिलांची चौकशी अंगठ्यावर भागवतो आहे.

११ फेब्रुवारी

दार उघडो न उघडो, शब्द तरी तयार हवेत. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग करतो, तिथे आवाज घुमत नाही. ही येऊन शर्ट मागते तेव्हा थांबावं लागतं.

पहिले दोनशे बारा गरजेचे होते: पाणी, दिवा, दुखतंय, डावीकडे, पुरे. आता नानांचं बोलणं भरायचं होतं. त्यांची वाक्यं आठवून यादी केली, चाळीस झाली. 'कोण ते, बारक्या का?' 'जेवलास का?' 'किती वाळलास.' 'गाडी वेळेवर आली का?' 'बस जरा.' 'ऑफिसात कसं चाललंय?' 'तुझं तूच ठरव, पण सांगून ठरव.'

हिने यादी वाचली, परत वाचली. म्हणाली, "ही नानांना हवी असलेली यादी आहे, की तुला?"

मी म्हटलं, नानांची. बोलायचे तसंच लिहिलंय.

"बरं. मग यात 'ये' कुठाय?"

"ते कधी 'ये' म्हणायचे नाहीत. त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नोकरी लागून मी निघालो तेव्हा स्टेशनवर म्हणाले, तिथलं पाणी उकळून पी."

"म्हणून तर म्हणते," ही म्हणाली आणि शर्ट घेऊन गेली. मला त्यात 'म्हणून' काय ते कळलं नाही. पण एक्केचाळिसावं वाक्य रेकॉर्ड केलं. 'येतोस का?' चार वेळा करावं लागलं. पहिल्या तीनदा शब्द अर्ध्यात तुटला, गाठीमुळे असेल.

१३ फेब्रुवारी

आज निकाल लागला.

कॉम्प्युटर ऑफिसला नेला होता. जेवणाच्या सुट्टीत एसएसएचला सविस्तर बोलायला लावलं. मग ते पायरी पायरीने सांगतं काय करतंय ते. पत्ता सापडला. मशीन भेटलं. ओळख पटली. किल्ली पुढे केली. आणि त्यानंतर: आता दुसरा उपाय शिल्लक नाही, परवानगी नाकारली. हीच किल्ली ऑफिसातल्या तपासणीच्या प्रोग्रॅमांच्या साठ्याला लावून पाहिली, तिथे पटकन उघडलं. म्हणजे किल्लीत खोट नाही. मी ती पुढे करतो आणि पलीकडून ती घेतली जात नाही.

याचा अर्थ एकच. तिकडच्या यादीत माझी किल्ली नाही. यादी आपोआप कमी होत नाही, कुणीतरी ओळ पुसावी लागते. त्या घरात ते एकट्या ताईला येतं, मीच शिकवलंय.

दुपारभर वीस किलोचं प्रमाण वजन पाच काट्यांवर ठेवून पाहिलं. पाचही अचूक निघाले. मला वाईट वाटलं. एखादा तरी चुकीचा निघायला हवा होता.

ताईने मला लहानपणी सायकल शिकवली. मागून धरते म्हणाली आणि सोडून दिली, मी पडलो, गुडघा फुटला. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही, तर तिने माझ्या दप्तरात रोज एक चिठ्ठी टाकली. त्यावर फक्त 'अजून?' असं लिहिलेलं असायचं. ती माणसाला असं पुसून टाकेल यावर माझा विश्वास बसत नाही. पण बसायला हवा, तपासणी मीच केली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज प्रयत्न केला नाही. नंतर केला.

मला नानांची फार आठवण येते. आणि ताईची. तिची जास्त येते, हे लिहायला अकरा महिने लागले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी ऑफिसातून येताना जिन्यात थांबून ताईला फोन लावला. घरी आलो असतो तर पुन्हा 'बघू' म्हणालो असतो.

तिने उचलला. म्हणाली, "बोल." म्हणजे नंबर पुसलेला नव्हता.

मी म्हणालो, "यादीतून माझी किल्ली काढलीस, ते ठीक आहे. फक्त एकदा घाल. मला नानांसाठी काही ठेवायचंय, मग परत काढ."

"कुठली किल्ली? मी कशाला काढू?"

"मग आत का येता येत नाही?"

"मला काय विचारतोस. मी तर दार सताड उघडं ठेवलंय."

मला वाटलं टोमणा मारते आहे. म्हटलं, वही आण आणि मशीनसमोर बस. ती गेली. फोनवर पाण्याचा आवाज, मग खुर्ची ओढल्याचा. मी एकेक अक्षर सांगितलं, तिने टाइप केलं. हात आता अडखळत नाहीत, हे आवाजावरून कळलं. यादी उघडली. त्यात एकच ओळ होती आणि तिच्या शेवटी माझं नाव.

किल्ली होती. अकरा महिने तिथेच होती.

मग म्हटलं, मशीन स्वतःची रोजनिशी ठेवतं, कोण आलं, काय झालं त्याची. ती उघड. ती वाचू लागली. इंग्रजी वाक्य थांबत थांबत: घराच्या फोल्डरची मुभा योग्य नाही, म्हणून पडताळा नाकारला. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. विचारलं, "ताई, तू रामबाण चालवलास का?"

"हो."

"कधी?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज. "तीस मार्च. तू गेल्यावर पहिल्या रविवारी 'नवीन'मध्ये काही आलं नाही. नानांनी तीन-चारदा दाबून पाहिलं. दुसऱ्या रविवारीही नाही. मला वाटलं, रागाच्या भरात माझ्याकडूनच काहीतरी बंद झालं असेल आणि तुला आत येता येत नसेल. मग तू लिहून दिलेलं होतंच. सगळ्यांना सगळी मुभा."

तिला समजावून सांगितलं, घर म्हणजे यादी जिथे असते तो फोल्डर. ज्या घरात कुणीही शिरून यादीत काहीही लिहू शकतं, त्या घरातल्या यादीवर मशीन विश्वास ठेवत नाही. यादी वाचतच नाही, आलेल्याला परत पाठवतं. दार माझ्यासाठी उघडलंस आणि इतकं उघडलंस की बंद झालं. आणि तो हुकूम माझा होता.

ती रोजनिशी पुढे वाचत गेली. मग म्हणाली, "यात तुझे सतरा प्रयत्न दिसतात."

"हो."

"पहिला तीन तारखेचा आहे. याच महिन्याच्या. त्याआधी एकही नाही."

मशीन चार आठवड्यांपूर्वीच्या नोंदी पुसून टाकतं. तसं सांगून सुटता आलं असतं. नाही सांगितलं. म्हणालो, "त्याआधी मी आलोच नाही, ताई."

"आणि आता का आलास?"

गुरुवारचं सांगितलं. गाठ, नस, बहुतेकांचा परत येतो, सगळं. पलीकडे मशीनचा पंखा घरघरत होता. बरीच वर्षं झाली, साफ करायला हवा.

"गाढवा," ताई म्हणाली, "माझ्याशी बोलायचा आवाज तू ऑपरेशनच्या तीन दिवस आधी खर्च करायला काढलास."

मग मी सांगितलं आणि तिने टाइप केलं: बाहेरच्यांची मुभा काढून घेतली, घर घरच्यांपुरतं केलं. ती म्हणाली, "आता?" मी वर येऊन, बूटही न काढता कॉम्प्युटर उघडला.

आत आलो. काही वाजलं नाही, काही झळकलं नाही. फक्त नकाराची ओळ आली नाही. एक्केचाळीस फाइली एकामागून एक गेल्या. ही दारात उभी राहून बघत होती, चहा हातातच गार करून टाकला तिने.

फोन चालूच होता. म्हटलं, नानांना दे. ताई म्हणाली, "झोपलेत. आणि दिला तरी मी त्यांना बोलू देईन का?" मग म्हणाली, "तू म्हणाला होतास ते खरं होतं. मला शांतता सोसत नाही रे. ते बटण शोधत असतात तेवढा वेळ घर इतकं गप्प होतं की मी बोलून टाकते."

मी म्हणालो, "तूही खरंच बोलली होतीस."

१७ फेब्रुवारी

दिवसभर ऑफिसात रजेची कागदपत्रं. हाताखालच्या तपासनीस बाईंना प्रमाण वजनांच्या पेटीची किल्ली दिली आणि चिमटा दाखवला. वजनाला बोट लावायचं नाही, घामाचंही वजन होतं, हे दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही चारच आठवडे जाताय."

नवीन शब्द रविवारी सातलाच फळ्यावर दिसतील, प्रोग्रॅम तसाच लिहिलेला आहे. ताई म्हणाली, उद्याच दाखवू का, बदलता येईल ना? मी म्हटलं, नको. त्यांचा रविवार आहे.

नंतर वाटलं, बदलायला हवं होतं. बुधवारी नाना बोलले असते तर मला तोंडाने उत्तर देता आलं असतं. ताईला फोन करून सांगणार होतो. पण मला भीती वाटली की एक्केचाळीस बटणांतलं एकही ते दाबणार नाहीत. रविवारपर्यंत ते कळणार नाही, तेवढंच बरं.

१८ फेब्रुवारी

बॅग भरली. वही घेतली. मला खूप भीती वाटते आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, "मलाही." मग आम्ही दोघं टीव्हीवर काहीतरी बघत बसलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

परवा घरी सोडलं. गळ्याला पट्टी आहे. आवाज नाही, हवा तेवढी येते. डॉक्टर म्हणतात नस शाबूत आहे, सुजली आहे, दहा दिवस कुजबुजायचंही नाही. ही पाटीऐवजी किराण्याच्या यादीचं पॅड देऊन गेली आहे. मी काही लिहायच्या आत ती 'पाणी ना?' म्हणते. मी काल हसलो त्यावर, तर टाके दुखले.

सकाळी पावणेसातलाच उठून बसलो. सातला काही नाही. सात वाजून सहा मिनिटांनी ताईचा फोन आला. हिने उचलून स्पीकर लावला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. ताई म्हणाली, "बारक्या, तुला बोलायचं नाहीये, माहीत आहे. नाना आहेत इथे. मीही गप्प बसते."

आणि खरंच गप्प बसली. पलीकडे काचेवर नख सरकल्याचा बारीक आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा सरकत होता. एक मिनिट गेलं असेल. मला माहीत आहे ताईला ते मिनिट किती लांब गेलं असेल. ती एक अक्षर बोलली नाही.

मग माझा आवाज आला. गेल्या आठवड्यातला, धडधाकट. 'कोण ते, बारक्या का?'

मला उत्तर देता येईना. तोंड उघडलं, नुसती हवा आली. हिने पॅड पुढे सरकवलं, पण फोनवर पॅडचा काय उपयोग. मग आठवलं. फोनशेजारी टेबलावर बोटाने एकदा टकटक केलं.

पलीकडे कुणीतरी हसल्याचा आवाज आला. नानांचा होता. हसायला त्यांना कधीच शब्द लागले नाहीत, मीच ते विसरलो होतो.

'जेवलास का?' सकाळचे सात वाजले होते. एकदा टकटक केलं, खोटंच.

'दुखतंय.' हे जुन्या दोनशे बारांतलं. मला वाटलं त्यांचंच काही दुखतंय. मग कळलं की ते विचारतायत. मी दोनदा टकटक केलं. नाही. हेही खोटंच होतं आणि ही माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

पुन्हा नख सरकू लागलं. या वेळी फार वेळ लागला. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले असणार, एक्केचाळिसावं तिथे एकटंच आहे. मार्चमध्ये चौकटीवर त्यांनी दोनदा टकटक केलं होतं, ते मला जाऊ नको म्हणत होते. इतकं सोपं होतं ते.

'येतोस का?'

माझाच आवाज, चौथ्या खेपेचा.

मी एकदा टकटक केलं.